भिंतीवरच्या चित्राचे मोल

यंदाच्या स्मरणिकेसाठी पाककृती नको, काही माहितीचे लिहा, असा अध्यक्षाबाईंचा आग्रह पडला. विषय शोधायला लांब जावे लागले नाही. गेल्या दोन वर्षांत आपल्या मंडळातल्या पाचसहा भगिनी भिंती रंगवण्याची कामे घेऊ लागल्या आहेत. कोणी बालवाडीच्या बोलक्या भिंती करून देते, तर कोणी नव्या बिऱ्हाडाच्या दिवाणखान्यात वारली चित्रे काढते. हात सगळ्यांचेच चांगले आहेत. पण गिऱ्हाइकाने "किती घेणार?" असे विचारले, की जीभ टाळ्याला चिकटते आणि उत्तर निघते, "तुम्हाला वाटेल ते द्या." हे उत्तर आपल्या तोंडी कोठून आले, आणि ज्या बायकांना ते सोडावे लागले त्यांचे पुढे काय झाले, याची हकीकत वाचनातून मला जशी मिळाली तशी येथे देते. मोठ्या विद्वानाचा लेख नव्हे हा, तेव्हा भगिनींनी गोड मानून घ्यावा.

भिंत ही बाईचीच, असे आपल्याकडे पूर्वापार चालत आले आहे. सारवायची तिने, पोतेरे फिरवायचे तिने, नागपंचमीला नाग काढायचा तिने. त्याचे पैसे मागायचे हे कोणाच्या स्वप्नातही आले नाही, कारण ते काम नव्हतेच. तो सण होता. डहाणू, तलासरी, जव्हार या बाजूला वारली लोकांच्या घरी लग्न निघाले की आतल्या भिंतीवर चौक लिहितात. 'काढतात' म्हणत नाहीत, 'लिहितात' म्हणतात. कुडाची भिंत शेणामातीने सारवायची, वर गेरूचा हात द्यायचा आणि तांदळाच्या पिठाच्या पाण्यात टोक चघळून मऊ केलेली बांबूची काडी बुडवून चौक लिहायचा. मधोमध पालघट देवी. लिहिणाऱ्या सवाशिणी आणि लग्नाची गाणी म्हणून विधी करणारी धवलेरी, या सगळ्या बायकाच. त्यांना जेवण, ताडी आणि मान मिळे. लग्न झाले, पुढे केव्हातरी भिंत सारवली, की चौक गेला. त्याचे कोणाला दुःख नसे. पुढच्या लग्नाला नवा लिहायचाच होता.

असेच चित्र तिकडे बिहारात, मिथिलेत. मधुबनी-दरभंग्याकडच्या घरांतून नवरानवरीसाठी एक खोली सजवतात, तिला कोहबर घर म्हणतात. कमळाची पाने, बांबूचे बन, मासे, कासव, पोपट, अशी सगळी वंशवृद्धीची चिन्हे भिंतभर काढतात. ही चित्रे घराबाहेरच्या माणसाच्या दृष्टीस पडायचे कारणच नव्हते. ती पडली १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात. घरे कोसळली, भिंती उघड्या पडल्या, आणि नुकसानीची पाहणी करत हिंडणाऱ्या आर्चर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ढिगाऱ्यांत ती दिसली. त्याने पुढे १९४९ साली मुंबईच्या 'मार्ग' नियतकालिकात त्यांवर लेख लिहिला. पडक्या घराच्या मालकिणीला त्या दिवशी चित्रांचे कौतुक ऐकून काय वाटले असेल, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. आर्चरच्या लेखानंतरही सतरा वर्षे ती चित्रे भिंतीवरच राहिली.

मग १९६६-६७ चा दुष्काळ आला. बिहारात अन्नान्नदशा झाली. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी आपल्या मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मधुबनीस पाठवले. बायका भिंतीवर काढतात तेच कागदावर काढून घ्यावे आणि ते विकून त्यांच्या हाती चार पैसे पडावेत, अशी कल्पना. आज सांगताना हे सोपे वाटते, पण विचार करा. सोवळ्यातल्या, पडद्यातल्या बायका. परगावचा परका पुरुष कागदाच्या गुंडाळ्या घेऊन दारात येतो आणि म्हणतो, तुमच्या देवघरातले चित्र मला द्या, मी पैसे देतो. पुष्कळ जणी बिचकल्या. ज्या पुढे आल्या त्यांत जितवारपूर गावच्या सीता देवी आणि जगदंबा देवी होत्या. घरात दाणा नव्हता, म्हणून आधी हात पुढे झाला आणि मग नाव झाले, हा क्रम भगिनींनी विसरू नये. जगदंबा देवींना १९७० साली राष्ट्रीय पुरस्कार आणि १९७५ साली पद्मश्री मिळाली. सीता देवींना १९८१ साली.

माझ्या मते दराचा खरा घोळ येथेच सुरू झाला. भिंतीला माप नव्हते, कागदाला होते. कागद आला तसा दर नगावर आला. नगावर दर ठरला की बाईचा फायदा कशात? लवकर संपवण्यात. दिल्लीचे व्यापारी १९७० नंतर गावात येऊ लागले आणि त्यांना ठराविक चित्रेच हवी असत: रामसीता, कृष्ण, तीच ती, झटपट आणि स्वस्त. एकीने चार दिवस खपून बारीक रेघांचे चित्र काढले काय आणि दुसरीने दुपारभरात रंग भरून दिले काय, व्यापाऱ्याच्या लेखी दोन्ही एकच नग. चांगला हात असलेल्या बाईनेही मग बारीक काम का करावे?

हा प्रकार रेमंड ओवेन्स नावाच्या अमेरिकन संशोधकाने तेथे राहून पाहिला. त्याने बायकांना सांगितले की घाई करू नका, वेळ घ्या, मनातली गोष्ट काढा. मी जास्त दाम देतो. १९७७ साली चित्रकारांची सहकारी संस्था स्थापन करण्यात त्याचा हात होता. पुढे त्याने आणि त्याच्या मित्रांनी अमेरिकेत चित्रे विकण्याची व्यवस्था केली आणि विक्रीचा नफा पुन्हा चित्र काढणारीकडे पोचवण्याची पद्धत ठेवली. म्हणजे एकदा दाम चित्र देताना, आणि एकदा ते विकले गेल्यावर. शेतकऱ्याला साखर कारखाना उसाचा पहिला हप्ता देतो आणि मागाहून दुसरा, तसेच म्हणा ना. ज्या बाईला हे कळले तिने वेळ घेऊन काम केले, आणि तिच्या चित्राचा भाव चढत गेला.

आता इकडे आपल्या वारली चित्रांचे काय झाले ते पाहा. तेच भास्कर कुलकर्णी पुढे डहाणूच्या बाजूस आले आणि त्यांना गंजाडचे जिव्या सोमा मशे भेटले. चौक लिहिणे हे सवाशिणींचे काम. जिव्या मात्र पुरुष असून, लग्नकार्य नसतानाही रोज चित्र काढत. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांची चित्रे मांडली गेली, १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते वारले. त्यांची थोरवी कोणी नाकारीत नाही. १९८९ साली पॅरिसला जगभरच्या कलावंतांचे एक मोठे प्रदर्शन झाले, त्यात ते होते आणि मिथिलेच्या बौआ देवीही होत्या. पण एक गोष्ट मनात सलते. कागद आणि पैसा आला तसे वारली घरांतले पुरुष हे काम शिकले आणि पुढे आले. चौक लिहिणाऱ्या बायकांची नावे मात्र फारशी बाहेर आली नाहीत. मिथिलेतही आता पुरुष चित्रे काढतात, परंतु पद्मश्रींची यादी पाहिली तर बहुतेक बायकांचीच नावे ओळीने दिसतात: गंगा देवी १९८४, महासुंदरी देवी २०११, बौआ देवी २०१७, गोदावरी दत्त २०१९, दुलारी देवी २०२१. असे का झाले? पुष्कळ कारणे असतील. एक मला दिसते ते असे, की तिकडे पहिला कागद आणि पहिला पैसा बाईच्या हातात दिला गेला. इकडे तो पुरुषाच्या हातात पडला.

दुलारी देवींविषयी दोन ओळी जास्त लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या मल्लाह म्हणजे कोळी समाजातल्या. रांटी गावात महासुंदरी देवी आणि कर्पूरी देवी यांच्या घरी त्या धुणीभांडी करत, आणि तेथेच पाहून पाहून, मग त्यांच्याच हाताखाली चित्रे शिकल्या. २०२५ च्या अर्थसंकल्पाच्या दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन जी साडी नेसल्या होत्या ती याच दुलारी देवींनी रंगवून भेट दिलेली होती. आपण त्या दिवशी दूरदर्शनवर साडीचा काठ पाहिला, किनार पाहिली. रंगवणारी कोण हे मला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळले.

आता चित्र कागदावरून पुन्हा भिंतीवर आले आहे. हॉटेले, शाळा, रेल्वे स्थानके, सगळ्यांना भिंती रंगवून हव्या आहेत. २०१७ च्या ऑक्टोबरात मधुबनीचे रेल्वे स्थानक तिथल्या चित्रकारांनी रंगवले. हजारो चौरस फूट भिंत, शंभराहून अधिक हात, आणि मजुरी शून्य, श्रमदान म्हणून. २०१८ साली रेल्वेने स्थानक सजावटीची बक्षिसे जाहीर केली तेव्हा मधुबनीला मदुराईबरोबर दुसरे बक्षीस मिळाले. पहिले बक्षीस आपल्या महाराष्ट्रातल्या बल्लारशा आणि चंद्रपूर या स्थानकांना, दहा लाख रुपयांचे. तिथे ताडोब्याचे वाघ आणि जंगल भिंतींवर उतरले आहे. आपल्या गावच्या स्थानकासाठी कोणी श्रमदान केले तर त्यात वाईट काहीच नाही. वाईट वाटते ते याचे की ज्या गावाने चित्राला दर मिळवून द्यायला पन्नास वर्षे घालवली, तेथेच एवढी मोठी भिंत फुकट झाली, आणि मग शेजारच्या गावचा मुख्याध्यापक म्हणणारच, "स्थानकाला फुकट केले, मग शाळेला पैसे कसले?"

याला माझा एक तोडगा आहे. फुकट करायचे तरी हिशेब लिहूनच करावे. "या कामाची मजुरी इतकी, ती आम्ही देणगी दिली," असे कागदावर लिहून संस्थेच्या चिटणिसाची सही घ्यावी. मग देणगी ती देणगी राहते, दर होत नाही.

हिशेब कसा करायचा? माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, पण याला तेवढे गणित पुरते. समजा भिंत बारा फूट लांब आणि आठ फूट उंच. म्हणजे शहाण्णव चौरस फूट. दोघींना सहा दिवस लागणार, म्हणजे बारा रोज. रोजाचे सातशे धरले तर ८४०० रुपये. आधी घरी बसून आराखडा काढायला एकीचे दोन दिवस, १४००. हे दोन दिवस आपण कधीच धरत नाही. शिंपीण मात्र कापायचे वेगळे घेते हे आपल्याला माहीत असते. रंग, अस्तर, कुंचले यांचे १८००, जाण्यायेण्याचे ६००, शिडीचे भाडे ५००. बेरीज १२७००. त्यावर दहावा हिस्सा मोडतोड, डागडुजी आणि बिनकामाच्या दिवसांसाठी, १२७०. एकूण १३९७०. भागिले शहाण्णव, म्हणजे फुटाला सुमारे १४५ रुपये. हे आकडे रीत दाखवण्यापुरते घेतले आहेत. आपापल्या गावच्या मजुरीप्रमाणे बदलावेत. गवंड्याचा आणि रंगाऱ्याचा रोज काय चालला आहे ते आधी विचारावे आणि त्याच्याखाली उतरू नये. तो भिंत एका रंगाने रंगवतो. आपण तिच्यावर बारा बिऱ्हाडांचे लग्न मांडतो.

आणि सगळ्या भिंतींना एकच दर लावू नये. कडेने नक्षीची पट्टी आणि मध्ये मोकळी जागा, त्याचा दर वेगळा. इंचाइंचाला माणूस, गुरे, ताडाचे झाड, असा गच्च चौक असेल तर वेगळा. नाहीतर नगाच्या दराने मिथिलेत जे केले तेच फुटाचा दर आपल्याकडे करील. बारीक हात असलेली भगिनी मागे पडेल आणि भराभर कुंचला फिरवणारी पुढे जाईल.

गिऱ्हाइकाशी बोलताना थोडे धीट व्हावे लागते. आपल्याच दोघी भगिनींनी एका बंगल्यात जिन्यालगतची भिंत रंगवली. मालकीणबाईंनी पार्श्वभूमीचा रंग तीन वेळा बदलायला लावला, आठ दिवसांचे काम अठरा दिवसांवर गेले, आणि शेवटी दोघींच्या हाती एकेक साडी ठेवली. साडी चांगली होती. पण अठरा दिवस घरी जेवण कोणी केले, मुलांना शाळेतून कोणी आणले, हे त्या साडीत बसत नव्हते. म्हणून कामाआधी कागदावर छोटे चित्र काढून दाखवावे आणि त्यावरच सही घ्यावी. भिंतीच्या कोपऱ्यात वीतभर जागेत रंग लावून तो सकाळच्या उजेडात आणि रात्रीच्या दिव्यात, दोन्ही वेळा दाखवावा. गेरूचा रंग पिवळ्या दिव्याखाली निराळाच दिसतो. एक बदल फुकट, दुसऱ्या बदलाचे पैसे, हे हसतमुखाने पण आधीच सांगावे. रंग आणायच्या दिवशी अर्धी रक्कम, काम निम्मे झाल्यावर पाव आणि राहिलेली पाव पूर्ण झाल्यावर, असे ठेवले की कोणाच्या दारात हेलपाटे घालावे लागत नाहीत.

भिंतीला हात लावण्यापूर्वी ती पाहावी, हेही सांगते. ओल असलेली भिंत घेऊच नये. कितीही सुंदर काढा, पावसाळ्यात पापुद्रे सुटतात आणि बोल आपल्याला लागतो. नवा गिलावा असेल तर महिनाभर सुकू द्यावा. चुन्याच्या भिंतीवर थेट रंग धरत नाही, ती खरवडून अस्तर द्यावे लागते आणि त्याचे पैसे वेगळे. बाहेरच्या भिंतीला बाहेरचाच रंग वापरावा. सामान कोण हलवणार, पाणी कोठून घ्यायचे, दुपारी घरात कोण असणार, हे प्रश्न विचारायला लाजू नये.

एक नाजूक गोष्ट. वारली चित्रांना २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, मधुबनीला त्याआधी. आपण बहुतेक जणी वारली नाही. पुस्तकात पाहून काढतो आणि "वारली पेंटिंग" म्हणून विकतो. मला वाटते, गिऱ्हाइकाला "वारली पद्धतीचे" असे स्पष्ट सांगावे, आणि पालघट देवीचा चौक शोभेसाठी हॉटेलच्या भिंतीवर काढू नये. ती त्यांची लग्नाची देवी आहे. मंडळाने डहाणूकडची एखादी चौक लिहिणारी आजी बोलावून चार दिवस शिकून घ्यावे, आणि तिला रीतसर मानधन द्यावे. साडीचोळी वेगळी.

शेवटचे गंगा देवींविषयी. मिथिलेच्या रशीदपूरच्या या बाई. मूल नाही म्हणून नवऱ्याने दुसरी बायको केली, आणि त्यांच्या हाती उरला तो कुंचला. त्यांनी रेघेने काढलेली 'मानवजीवन' ही चित्रे मोठ्या मोठ्या लोकांनी वाखाणली. अमेरिकेला जाऊन आल्या तेव्हा तिथला रोलर कोस्टर आणि त्यात बसलेली माणसेही त्यांनी मिथिलेच्या रेघेत काढली. पुढे कर्करोग झाला. दिल्लीस उपचार चालू असताना तेथील हस्तकला संग्रहालयात त्यांनी एक अख्खे कोहबर घर रंगवले, कित्येक महिने खपून. १९९१ साली त्या गेल्या. नूतनीकरणात ती खोली नष्ट झाल्याची बातमी २०१५ साली वर्तमानपत्रांतून आली. लग्नाचा चौक सारवला तर पुढच्या लग्नाला नवा लिहिणारी घरात असते. येथे तसे कोणी नव्हते.

म्हणून काम संपले की त्याच दिवशी, सामान पुन्हा लावायच्या आधी, भिंतीची छायाचित्रे काढून घ्यावीत: एक पूर्ण भिंतीचे, दोनतीन जवळून. भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात आपले नाव आणि साल लिहावे. गिऱ्हाइकाने नको म्हटले तरी आग्रह धरावा. आणि एका जाड वहीत तारीख, गाव, भिंतीचे माप, लागलेले दिवस आणि मिळालेले पैसे नोंदवावेत. अशी वही मंडळाच्या कपाटात ठेवायला चिटणीसबाईंनी संमती दिली आहे. पहिल्या पानावर बालवाडीच्या भिंतीची नोंद झाली आहे: माप ११० चौरस फूट, तिघी, सात दिवस, मजुरी देणगी.